हवाबंद मिस्त्रींची मागची खोली

माझे भावोजी खिडक्या बनवतात. खिडकी म्हटली की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे उघडी खिडकी येते, भावोजींच्या डोळ्यांपुढे बंद खिडकी येते. बंद म्हणजे अशी, की फटीतून मुंगीला फुंकर मारायची म्हटली तरी जमू नये. त्यांच्या वर्कशॉपच्या गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. सगळे त्यांना हवाबंद मिस्त्री म्हणतात, आणि हे नाव ते पदवीसारखं मिरवायचे. हल्ली कुणी त्या नावाने हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखं करतात.

आमच्याकडची थंडी लांबलचक, आणि वर दमट. नदीवरचं धुकं सकाळी गल्लीत येतं ते दुपारपर्यंत हलत नाही. अशा गावात हवाबंद खिडकी बनवणाऱ्या माणसाला काय मान असेल, ते सांगायला नको. त्यांची एक पद्धत होती. खिडकी बसवून झाली की ते खिशातून मेणबत्ती काढायचे, पेटवायचे आणि चौकटीच्या कडेने सावकाश फिरवायचे. ज्योत हलली नाही तर खिडकी पास. जरा जरी थरथरली तरी झडप उतरवून पुन्हा रंधा. परीक्षा चालू असताना घरातल्यांनी गप्प उभं राहायचं. एका घरी म्हाताऱ्या आजोबांना नेमका तेव्हाच खोकला आला आणि ज्योत हलली. भावोजींनी आजोबांना हाताला धरून दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं, दार लावलं, आणि परीक्षा पहिल्यापासून घेतली. हा किस्सा ते स्वतःच हसून सांगायचे. त्या आजोबांना काय वाटलं असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नाही.

अशा माणसाशी माझ्या ताईचं लग्न झालं, आणि ताई म्हणजे जन्माची कुडकुडी. लहानपणी आम्ही दोघी एका पलंगावर झोपायचो, तेव्हा ती आपले बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना चिकटवायची आणि मी किंचाळायचे. लग्न होऊन ती भावोजींच्या घरी गेली. घर दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातलं. पुढे बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली. खिडक्या जुन्या, वाऱ्याने रात्रभर दात वाजवल्यासारख्या वाजायच्या. मागच्या खोलीत पूर्वी कुणाची तरी शेगडी असावी, तिच्या धुराड्याचं भोक भिंतीत तसंच होतं. बंद खिडकीवरचा पडदा हलायचा. ताई टोपी, मोजे आणि दोन स्वेटर घालून झोपायची.

ते बघून भावोजींनी एक अख्खा उन्हाळा गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं आणि स्वतःच्या घराच्या खिडक्या केल्या. लाकूड उत्तम, काच दुहेरी, चौफेर रबराची पट्टी. धुराड्याचं भोक विटा लावून, गिलावा करून असं बुजवलं की भोक कुठं होतं ते बोटानेही लागू नये. थंडी पडल्यावर ताईने मला मुद्दाम बोलावून घेतलं. गेले तर ही बाई घरात अनवाणी! माझा हात धरून मला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "बघ, पडदा हलतोय का?"

"नाही हलत," मी म्हणाले.

"माझ्यासाठी केलंय हो," ती हळूच म्हणाली, आणि दारात उभे असलेले भावोजी उगाचच बिजागरीला तेल लावायला लागले.

हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक भावोजींना दुष्ट ठरवतात. दुष्ट असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर मनसोक्त रागावता आलं असतं. त्यांनी जे केलं ते जीव लावून केलं. चूकही जीव लावूनच केली.

दुसऱ्या हिवाळ्यात काचांना सकाळी घाम यायला लागला. ताई उठल्यावर आधी फडकं घ्यायची, काचा पुसायची, फडकं पिळायची, पुन्हा पुसायची. मग खिडकीच्या खालच्या लाकडावर काळे ठिपके आले. मग कपाटामागच्या भिंतीवर. कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेलं, त्यामुळे ते बरेच दिवस कुणाला दिसलं नाही. वास मात्र यायचा, बंद पेटीत ओला टॉवेल विसरल्यासारखा. ताईने एकदा कपाटातून चामडी बूट काढले तर त्यांना हिरवी लव फुटलेली.

"बुरशी आलीय," मी म्हणाले.

"डाग आहेत," भावोजी म्हणाले. बुरशी हा शब्द त्यांनी घरात कधी उच्चारू दिला नाही. डाग म्हटलं की रंगाच्या डब्याने काम भागतं. त्यांनी भिंत घासली, वर औषध मारलं, त्यावर दोन हात रंग दिला. पुढच्या थंडीत डाग रंगाच्या वर येऊन बसले. पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण त्यांना झाकण्याची सवय, आणि झाकण्यात हातखंडा.

मी लाँड्रीत काम करते, इस्त्रीच्या टेबलावर. वाफ म्हणजे काय चीज आहे ते मला पुस्तकात बघावं लागत नाही. आमच्याकडचा भिंतीतला मोठा पंखा तासभर बंद पडला तरी छतावरून थेंब ठिबकतात. मी भावोजींना म्हणाले, "अहो, घरात चहा उकळतो, सूप शिजतं, हीटरजवळ दोरीवर ओले कपडे वाळतात, दोन माणसं रात्रभर श्वास घेतात. ती वाफ कुठंतरी जायला नको का? पुढच्या खोलीत ऊब आणि मागचा हीटर तुम्ही कायमचा बंद ठेवलेला. संध्याकाळी मधलं दार उघडता, ती सगळी वाफ मागे जाते आणि गार भिंतीवर बसते."

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "तुम्ही शर्टाच्या सुरकुत्या बघा. भिंती मी बघतो. आणि झोपायच्या खोलीला हीटर कशाला? रजई आहे की."

पाणी वरून येतंय अशी त्यांची खात्री होती. वरच्या मजल्यावर एक मास्तर राहतात, गरीब स्वभावाचे. भावोजींनी त्यांच्या न्हाणीघरातून गळती होते म्हणून धोशा लावला. शेवटी प्लंबर आला, मास्तरांच्या फरश्या उचकटल्या, आणि खाली सगळं खडखडीत कोरडं. प्लंबर हात पुसत म्हणाला, "मिस्त्री, पाणी वरचं नाही. तुमच्या घरातलंच आहे." काखेत कळसा अन् गावाला वळसा. तरी भावोजी मास्तरांकडे संशयानेच बघत राहिले, आणि मास्तरांना मात्र महिनाभर शेजाऱ्यांकडे अंघोळीला जावं लागलं.

मास्तर झाल्यावर नंबर लागला ताईचा. तू कपडे घरात वाळवतेस. तू भांड्यावर झाकण ठेवत नाहीस. तू फार वेळ अंघोळ करतेस. म्हणजे वाफ होते हे त्यांना कळत होतं बरं का! ती बाहेर जाऊ द्यावी, एवढंच कळून घ्यायचं नव्हतं.

ताई भांडणारी नाही. भांडणाचा सगळा वाटा देवाने मला देऊन टाकलाय. भावोजी वर्कशॉपला गेले की ती मागची खिडकी उघडायची आणि ते यायच्या आत लावून घ्यायची. भावोजी दारात कोट काढता काढता थबकायचे, मागे जायचे, खिडकीच्या लाकडावर तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, "आज उघडली होती." ओरडायचे नाहीत. नुसती खिट्टी आणखी दाबून बसवायचे. शेवटी एका थंडीत त्यांनी त्या झडपेला चारी कोपऱ्यांत स्क्रू मारून टाकले. थंडीपुरते, असं म्हणाले.

ताईचा खोकला त्याच थंडीत सुरू झाला. आधी सकाळचा, मग रात्रीचा, मग जिना चढताना छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कुठं ओल, बुरशी वगैरे?"

ताईने तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "छे! आमच्या घरात बाहेरची हवासुद्धा शिरत नाही."

"मग आतली जाते कुठून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भावोजी हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. ताई आपल्या नखांकडे बघत बसली होती, आणि मी तिच्या शेजारी बसून जीभ चावत होते. नंतर रस्त्यात मी तिला म्हणाले, "तू का नाही बोललीस?" तर म्हणाली, "चारचौघांत त्यांच्या खिडक्यांबद्दल काय बोलायचं?"

मग माझा पाय मोडला. लाँड्रीच्या पायरीवरून घसरले आणि घोट्याला प्लॅस्टर बसलं. मी एकटी राहते, म्हणून ताई माझ्याकडे राहायला आली. माझं घर म्हणजे खिडक्यांच्या नावाने आनंदीआनंद. एक नीट लागत नाही, दुसरीची वरची झडप कायम बोटभर उघडी. पण घर लहान, दोन्ही खोल्यांत हीटर मंद का होईना दिवसभर चालू, आणि वारा इकडून शिरून तिकडून निघून जातो. ताईने येताना सगळे स्वेटर आणले होते. पहिल्या रात्री मला शिव्या देत झोपली.

प्लॅस्टर निघायच्या सुमारास एका सकाळी मला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग लक्षात आलं, खोकला नव्हता. ताई तोंड उघडं टाकून लहान मुलासारखी गाढ झोपली होती. मी तिला उठवलं नाही. त्या दिवशी चहा मीच केला, एका पायावर उड्या मारत.

भावोजी तिला न्यायला आले तेव्हा ती बॅग न भरता बसली होती. मी स्वयंपाकघरात गेले, पण कान बाहेरच होते.

"अहो, इथं मला खोकला येत नाही," ताई म्हणाली.

"औषधाने गुण आला."

"औषध तिकडेही घेतच होते. मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवणार असाल तर येते. थोडा वेळ तरी, रोज."

"उघडीच ठेवायची तर बनवली कशाला?" भावोजींचा आवाज चढला. "भिंतीला भोकच पाडलं असतं!"

"मग पाडा भोक," ताई म्हणाली.

इतक्या वर्षांत ती त्यांना असं कधी बोलली नव्हती.   भावोजी माझ्या खिडकीपाशी गेले, न लागणारी झडप दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "हिला काय खिडकी म्हणतात?" आणि निघून गेले. त्यांचं दुःख मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. बायको त्यांना खिडकी उघडा म्हणत नव्हती, त्यांच्या मते ती म्हणत होती की तुम्ही आयुष्यभर केलं ते चुकीचं केलंत. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या खिडक्या आहेत.

त्या हिवाळ्यात ते दर रविवारी यायचे. सफरचंदं आणायचे, कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसायचे. "आता घरात कपडे वाळत नाहीत, काही शिजत नाही," असं पहिल्या रविवारी म्हणाले. "बघच आता भिंती कशा ठणठणीत होतात." ताईने सफरचंद कापून त्यांच्यापुढे ठेवलं. पुढच्या रविवारी भिंतींचा विषय निघाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

हिवाळा सरत आला तेव्हा एका दुपारी ते माझ्या लाँड्रीत आले. कपडे काउंटरवर टाकून जायचे, पण आत माझ्या टेबलापर्यंत कधी येत नसत. मशीनच्या धडधडीत, वाफेत, हातात टोपी घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. दाढी वाढलेली.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "ते पाणी माझं होतं."

मला कळेना. मी इस्त्री उभी केली.

"मी घरात काही शिजवत नाही. वर्कशॉपवरच खातो. कपडे तुमच्याकडेच धुवायला टाकतो. अंघोळ थंड पाण्याने करून बघितली. तरी सकाळी काच ओली. मग मागची खोली बंद करून पुढे झोपलो, तर पुढची काच ओली आणि मागची कोरडी. जिथं मी झोपतो तिथं पाणी." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "मी नुसता श्वास घेतो, मेहुणीबाई. बाकी काही करत नाही. आणि त्या श्वासाला जायला मी जागाच ठेवली नाही. तिच्या श्वासाला पण नाही."

 मला इतकी वर्षं म्हणायचं होतं, सांगत नव्हते का मी? तोंडावर आलं होतं. पण पडलेल्या माणसाला काय ढकलायचं. मी त्यांना पंख्याजवळच्या स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. भिंतीतला पंखा सगळी वाफ ओढून बाहेर फेकत होता, त्याच्याकडे ते बराच वेळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खिडकीचे चारी स्क्रू काढले. मग गिलावा फोडून धुराड्याचं भोक मोकळं केलं आणि त्याला जाळी बसवली. प्रत्येक खिडकीच्या वरच्या पट्टीत, ज्या पट्टीवर त्यांनी जीव ओवाळून टाकला होता तिच्यात, स्वतःच्या हाताने खाच पाडून झरोका केला. भिंत पार विटांपर्यंत खरवडून उन्हाळाभर वाळू दिली. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. न्हाणीघरात पंखा लावला. हे सगळं मला कळत होतं, कारण ते शर्ट टाकायला आले की सांगायचे. आणि बजावायचे, "हिला सांगू नका. एकदम दाखवायचंय."

असलं गुपित माझ्या पोटात राहणार का? पहिल्यांदा बजावलं त्याच संध्याकाळी मी ताईला सांगितलं. धुराड्याचं भोक फोडल्याचं ऐकून तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. "खरंच फोडलं? स्वतः?" एवढंच विचारलं, पण रात्री बघते तर बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली. स्वेटरसकट.

"सांगू का त्यांना, की तू तयार आहेस?" मी विचारलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "बोलवायचं तर त्यांनी आपणहून बोलवायला पाहिजे. भिंत ओली नाही म्हणून नाही. मी पाहिजे म्हणून."

आणि भावोजी रविवारी आले, लाकडाविषयी बोलले, पावसाविषयी बोलले, सफरचंद खाल्लं आणि गेले. पुढच्या रविवारीही तेच. ताई दर वेळी चांगला ब्लाऊज घालून बसायची. ते गेले की बदलायची.

मी लाँड्रीत त्यांना गाठलं. "भावोजी, भिंत वाळली ना? मग बोलवा की तिला. कशाची वाट बघताय?"

"एक हिवाळा जाऊ द्या," ते म्हणाले. "उन्हाळ्यात काय, कुठलीही भिंत कोरडीच असते. थंडीत टिकली तर खरी. न तपासलेली वस्तू मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही."

"ती काय गिऱ्हाईक आहे?" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या बाईने इस्त्री बाजूला ठेवली.

"पुन्हा फसवायचं नाहीये तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा पोटभर फसवून झालंय. आता खात्री झाल्याशिवाय नाही."

ताईची बॅग भरलेली आहे, हे मला सांगता येईना. तिने मला शपथ घातली होती.  ताई त्या दिवसांत कुठल्याही वेळी गेली असती. नुसतं चल म्हटलं असतं तरी चपला न घालता गेली असती, भिंत ओली असती तरी गेली असती. आणि हा मनुष्य तिकडे एकट्याने हिवाळाभर खोली तपासत बसला. सकाळी उठून समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, गार वारा आरपार जाऊ द्यायचा, मग लावायच्या. प्रत्येक खोलीतला हीटर मंद, पण अखंड चालू. हवेतला दमटपणा दाखवणारी घड्याळासारखी तबकडी भिंतीला लावली होती, ती येता-जाता बघायची. हेच ताई घरात असताना केलं असतं तर तपासायची गरजच पडली नसती. दोघं एकाच माळेचे मणी. एक बोलवेना, दुसरी विचारेना.

बॅग मात्र हळूहळू रिकामी होत गेली. आधी तिने एक स्वेटर काढला, कारण थंडी पडली. मग कंगवा. मग जाडे मोजे. आमच्या लाँड्रीत काउंटरवर माणूस हवं होतं, ताई म्हणाली घरी बसून काय करू, आणि यायला लागली. गिऱ्हाइकांना ती फार आवडली, माझ्यापेक्षा अर्थातच जास्त. तिळ्या मुलांची एक आई तर कपडे टाकायला येऊन तासभर तिच्याशी गप्पा मारत बसायची. संध्याकाळी आम्ही दोघी चालत यायचो, ती जिना न थांबता चढायची. न लागणाऱ्या खिडकीखाली तिचा पलंग, पलंगाशेजारी तिची खुर्ची, खुर्चीवर तिची उशी. ब्लाऊज बदलायचं तिने कधी सोडलं, ते माझ्याही लक्षात आलं नाही. एक दिवस पलंगाखाली केर काढताना मला ती बॅग घडी घालून ठेवलेली सापडली.

झाडांना पालवी फुटली आणि भावोजी आले. रविवार नव्हता. दाढी गुळगुळीत, शर्टाला मीच केलेली इस्त्री. दारातूनच म्हणाले, "अख्खा हिवाळा गेला. एक ठिपका नाही! चल, तुला दाखवतो. मेहुणीबाई, तुम्ही पण चला."

ताईने आधी हातातलं विणकाम संपवलं. मग आम्ही गेलो.

घर सुरेख झालं होतं. खोटं कशाला बोलू, आत पाऊल टाकलं आणि छाती भरून श्वास घेता आला. भावोजी नव्या गिऱ्हाइकाला दाखवावं तसं एकेक दाखवत होते. हा झरोका, ही जाळी, कपाटामागे हात घालून बघ. ताईने हात घातला. भिंतीवरून तळवा फिरवला, मग तळव्याचा वास घेतला. "कोरडी आहे," ती म्हणाली, आणि भावोजींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मागच्या खोलीत ऊब होती. पलंगावर नवी चादर, दोन उशा. खिडकी बोटभर उघडी होती आणि पडदा अगदी हळू आत-बाहेर होत होता. ताई पलंगाच्या कडेवर बसली. भावोजी चहा करायला गेले. स्वयंपाकघराची खिडकी आधी उघडली, मग भांड्यावर झाकण ठेवलं, आणि ते आपण कसं लक्षात ठेवतो हे तिकडूनच ओरडून सांगितलं. ताई हसली. मनापासून हसली.

"खूप कष्ट घेतले तुम्ही," चहा पिताना ती त्यांना म्हणाली. "छान झालंय सगळं."

"आवडलं ना?"

"हो. फार."

मग त्यांनी मास्तरांचं काय चाललंय ते सांगितलं. मास्तर अजून नीट बोलत नाहीत, पण भावोजी त्यांच्याही खिडक्यांना झरोके पाडून देणार आहेत. ताईने तिळ्यांच्या आईची गंमत सांगितली.  कप रिकामे झाले. ताईने ते धुऊन पालथे घातले, हात पुसले, खिडकीबाहेर उजेड किती उरलाय ते बघितलं.

"निघायला हवं," ती म्हणाली. "अहो, मला घरी सोडता का?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.  मी भावोजींकडे बघितलं. ते मधल्या दारातून पलंगावरच्या उशांकडे बघत होते. तिने आपलं वाक्य मागे घेतलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती, आणि घेतलं नाही म्हणून मी तिला दोष देणार नाही. ती खोटं बोलली नव्हती. ते आधी म्हणाले असते, तर हेच घर राहिलं असतं.

"सोडतो," भावोजी म्हणाले.

त्यांनी खुंटीवरचा तिचा कोट आणला, तिला घालायला मदत केली, आणि गळ्याजवळचं वरचं बटण स्वतः लावलं, कारण बाहेर वारा सुटला होता.